रेक्टरच्या अभ्यासिकेचं माप

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. मी मूळची पुण्याची, आता लंडनमधल्या ईलिंगला असते. जुन्या इमारतींची मापं घेऊन नकाशे काढणं हे माझं काम. विश्वास ठेवायचाच तर लेसर मीटरवर ठेवते… तोही मिलिमीटरपर्यंत!

गेल्या वर्षी एका खेड्यातल्या रेक्टरीचं काम आलं. रेक्टरी म्हणजे रेक्टरचं, चर्चच्या पाद्रींचं घर. अडीचशे वर्षांचं, लाल विटांचं, मधोमध दार आणि दोन्ही अंगांना उंच खिडक्या. त्यातली एक तर चक्क खोटी – मागे नुसती भिंत, केवळ जोडी जमावी म्हणून! डावीकडे अभ्यासिका, तिला बाहेरून वेगळं दार. गावकऱ्यांनी घरात न शिरता थेट पाद्रींसमोर यायचं, मन मोकळं करायचं आणि जायचं. बांधणाऱ्याला माणसं कळत होती.

पाद्री एडवर्ड काही महिन्यांपूर्वी वारले होते. घर चर्चचं, आणि चर्च ते आता विकणार होतं. त्यामुळे त्यांच्या पत्नीला, मार्गारेटबाईंना, दुसऱ्या दिवशी ते सोडायचं होतं.

अभ्यासिकेत सामान काहीच उरलं नव्हतं. लेसर कमरेच्या उंचीवर लावला – ३.१० मीटर. टेपने मोजलं तर ५.४२! बॅटरी बदलली, काच पुसली… पुन्हा ३.१०. डोक्याच्या उंचीवर धरला की मात्र ५.४२. मधे बसलेल्या माणसाएवढं काहीतरी होतं, आणि टेप त्यातून आरपार जात होता.

मार्गारेटबाई दारातून सगळं बघत होत्या.

"तिथेच त्याची खुर्ची असायची," त्या म्हणाल्या. "मी गेल्यावर तो इथे एकटाच राहील का?"

त्यांचा चेहरा बघवेना. मी बोलून गेले, "घर बदलताना माझी आई देवांना हात जोडून 'चला' म्हणते. तुम्हीही म्हणून बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उरलेलं मोजायला आले, तेव्हाच त्यांच्या लेकीची गाडी आली. बाई अभ्यासिकेत गेल्या, मी दाखवले तसे हात जोडले आणि म्हणाल्या, "चल, एडवर्ड. गाडी उभी आहे." मग गाडीचं मागचं दार उघडून त्या क्षणभर थांबल्या आणि नंतर स्वतः बसल्या.

"पुन्हा मोजून मला कळव," काच खाली करून म्हणाल्या.

गाडी गेल्यावर मी लेसर लावला. ३.१०. चार वेळा, ३.१०.

मी त्या रिकाम्या खोलीत ढसाढसा रडले. आणि ओरडले, तेही मराठीत, "अहो, जा ना! त्या बोलवत होत्या तुम्हाला!"

दुपारपर्यंत आकडा हलला नाही. मग फोन केला. "पूर्ण ५.४२ आलं," मी म्हणाले.

त्या म्हणाल्या, "वाटलंच मला. गाडीत तो शेजारीच होता."

मीटर नंतर तपासून घेतला, काही दोष निघाला नाही. लेसर कशाला अडत होता, मला आजही सांगता येत नाही. मार्गारेटबाई अधूनमधून मेसेज करतात. खाली दोघांची नावं असतात – लव्ह, मार्गारेट अँड एडवर्ड. उत्तर लिहायला मला फार वेळ लागतो.