सांगायचं काम

माझे यजमान वारले त्या दिवशी मंडळाची माणसं अंगणात आली आणि कामाला लागली. मी ओसरीवर वाचत बसले होते. मला कोणी काही सांगितलं नाही.

मंडळ म्हणजे आमच्या वस्तीतलं बंधुमंडळ. कोल्हारपासून जवळच, प्रवरेच्या काठी आमची ख्रिस्ती वस्ती आहे. रविवारी भक्ती संपली की मंडळातले पुरुष चर्चच्या पायरीवर थोडा वेळ बसतात. एरवी त्यांचं म्हणून काही काम दिसत नाही. पण कोणाच्या घरी मरण आलं, आजारपण आलं, आग लागली, की ही माणसं निघतात. मंडळ कधी सुरू झालं याबद्दल एकमत नाही. कोणी प्लेगाच्या साथीत म्हणतं, कोणी दुष्काळात. आमचे हे लग्नाच्या आधीपासून त्यात होते. निरोप आला की धुतलेला सदरा घालायचे आणि रिकाम्या हातांनी जायचे. प्रार्थनेला जात असतील, असं मी धरून चालले होते. मी शाळेत मराठी शिकवायचे, घरी आल्यावर वाचायचे, आणि आम्ही दोघंही कमी बोलणारी माणसं होतो.

तर त्या सकाळी आधी सुतार आला. एरवी फाटकातूनच "सलाम, बाई" म्हणायचा. त्या दिवशी मान खाली घालून थेट मागच्या दारी गेला आणि पाणी भरू लागला. हंडे भरले, कळशा भरल्या, मग फळीवरची पातेलीसुद्धा उतरवून भरली. तेवढ्यात टेम्पोवाला आला. आमची गल्ली अरुंद. पुढं-मागं करत त्याने टेम्पो वळवला, तोंड रस्त्याकडे करून दारात लावला आणि आतच बसून राहिला. शेवटी काका आले. काका कारखान्यातून निवृत्त झालेले, मंडळात सगळ्यात थोरले. त्यांच्या डोक्यावर गवताचा भारा होता.

"बाई, म्हस कुठं बांधलीया?"

"काका, आमच्याकडे म्हैस नाही. कधीच नव्हती."

"शेळी?"

"शेळीही नाही."

काकांनी अंगणभर नजर फिरवली. कट्ट्यावर मांजर होतं, त्याच्याकडे बघितलं. मग भारा फाटकाशी टाकला आणि त्यावरच बसले.

मी चष्मा काढला. "काय झालंय?"

"काई न्हाई बाई, तुमी बसा," मागून सुतार म्हणाला.

"मग पाणी कशाला भरताय? घरात नळ आहे."

टेम्पोवाला समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत राहिला. शेवटी काकांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"बाई, सांगनारा मानूसच गेला वो. आता कसं सांगायचं?"

हे सकाळी नदीवर मोटर चालू करायला गेले होते. तिथंच, मोटरीशेजारी पडलेले सापडले. हे सगळं मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. त्या क्षणी कळलं ते एवढंच की ते गेले, आणि त्यांचं काहीतरी काम होतं जे मला माहीत नव्हतं.

दुःखात माणसाला कुतूहल असावं की नसावं, मला ठाऊक नाही. मला होतं. भेटायला येणाऱ्यांना मी चहा विचारायचे, पाळकसाहेब प्रार्थना करायचे तेव्हा डोळे मिटायचे, आणि मिटल्या डोळ्यांआड एकच प्रश्न असायचा. सांगणारा माणूस म्हणजे काय?

पहिल्यांदा मी टेम्पोवाल्याला विचारलं. तो मला कोल्हारच्या बाजाराला घेऊन निघाला होता. तो माझा जुना विद्यार्थी, त्यामुळे त्याला अरेतुरे करण्याची सवय आहे.

"त्या दिवशी तू टेम्पो तोंड वळवून का लावलास? कुठं जायचं तर नव्हतंच."

"सवय हाय, बाई."

"कसली सवय?"

त्याने गिअर बदलला. मग म्हणाला, "पोरीला साप चावला तवा गाडी मिळंना. सायकलवर नेली." पुढचं त्याने सांगितलं नाही. वस्तीत ते सगळ्यांना ठाऊक होतं. टेम्पो त्याने त्यानंतर घेतला, हे मात्र मी तेव्हा प्रथम जोडून पाहिलं.

मग मी काकांकडे गेले. ते गोठ्यात होते. त्यांच्याकडे म्हैस आहे, आणि ती काकूंपेक्षा त्यांचं जास्त ऐकते, असं काकूच म्हणतात.

"बाई आल्याती तुमच्या भाऱ्याचा हिशेब मागायला," काकूंनी आत आवाज दिला. "अख्ख्या वस्तीत जिथं जनावर न्हाई तिथं गवत टाकून आलं माझं येडं!"

"तू गप," काका म्हणाले. पण हसले. मग मला म्हणाले, "तुमच्याकडं म्हस न्हाई हे ठावं हुतं मला. पर निघताना हात भाऱ्याकडंच गेला."

त्यांनी सांगितलं ते असं. मंडळात प्रत्येकाचं एक काम ठरलेलं असतं, आणि ते दुसरा कोणी ठरवत नाही. आपल्यावर वेळ आली होती तेव्हा जे कोणीच आणलं नाही, ते आपण दुसऱ्याकडे न्यायचं. काकांच्या लहानपणी पूर आला होता. माणसं सगळी वाचवली, जनावरं दाव्याला तशीच राहिली. सुताराची बायको वारली तेव्हा घर माणसांनी भरलं होतं आणि पाण्याचा थेंब नव्हता.

"आन दोन गोष्टी न्हाई करायच्या," काका म्हणाले. "घरच्यांना काय पायजे म्हून इचारायचं न्हाई. इचारलं की मानूस न्हाई म्हनतंय. आन मंडळातल्या कोनाला तू हेच का नेतो, हे बी इचारायचं न्हाई. त्यानं सांगितलं तर ऐकायचं."

"मग ह्यांचं काम काय होतं?"

"सांगायचं. घरात कोन वारलं की आधी आयांना, म्हाताऱ्यांना, ल्हान लेकरांना कुनी सांगत न्हाई. बरं न्हाई म्हनत्यात, गावाला गेलाय म्हनत्यात. ते जाऊन खरं सांगायचे."

"त्यांनी हेच का घेतलं?"

"इचारायचं न्हाई म्हनलं ना, बाई. इतकी वरसं न्हाई इचारलं."

"तुम्हाला कधी वाटलं नाही विचारावं?"

काकांनी म्हशीच्या पाठीवर थाप मारली. "लई वाटलं."

ते कसं सांगायचे, हे मात्र काकांनी पाहिलं होतं. गोठ्यातल्या बादलीवर बसून त्यांनी मला करून दाखवलं. आधी समोर बसायचं, उभ्याने बोलायचं नाही. हात आपल्या मांडीवर ठेवायचे. समोरच्याचा हात धरायचा नाही. "हात धरला की मानसाला आधीच कळतंय, आन मंग ते ऐकत न्हाई." मग एका वाक्यात सांगायचं. कोण, आणि काय झालं. त्यानंतर गप्प बसायचं. समोरचं माणूस काही विचारत नाही तोवर उठायचं नाही.

मला हे ऐकताना विचित्र वाटत होतं. माझ्या नवऱ्याच्या बसण्याची रीत मला दुसऱ्या माणसाकडून, एका गोठ्यात, शिकायला मिळत होती. आणि ती खरी होती. हे घरातही असेच बसायचे, हात मांडीवर ठेवून. मी त्याला स्वभाव समजत आले होते.

मंडळाचे नियम मंडळाला. मी काही मंडळात नव्हते. दिवाळीच्या सुट्टीतली गर्दी ओसरल्यावर मी एसटीने पारनेरला गेले. ह्यांच्या थोरल्या बहीण, आमच्या वन्सं, तिथं राहतात. त्यांच्या गुडघ्यांना तेल चोळत चोळत मी विषय काढला.

वन्सं आधी म्हणाल्या, "तुला न्हाई सांगितलं व्हय त्यानं?" मग सांगू लागल्या.

हे लहानपणी नगरला बोर्डिंगमध्ये शिकत होते. इकडे गावात विहिरीच्या कामावर दरड कोसळून त्यांचे वडील वारले. पोराची परीक्षा बुडेल म्हणून कोणी कळवलं नाही. नाताळच्या सुट्टीत हे घरी आले तेव्हा स्टँडवर घ्यायला वन्सं गेल्या होत्या.

"त्याच्या हातात कागदाची चांदनी हुती. शाळेत केलेली. बाबाला दाखवायची म्हनत हुता. घरापतूर सगळी वाट बोलत हुता. म्या नुसतं व्हय व्हय करत हुते. घरात शिरला आन त्यानं हाक मारली. बाबा म्हनून. सगळी बसलेली हुती, आई, चुलता, शेजारचे. कोनी वर बघितलं न्हाई. त्यानं परत हाक मारली."

वन्संनी गुडघ्यावरचं लुगडं सारखं केलं. "मंग त्यानं कोनालाच काय इचारलं न्हाई. चांदनी दारावर लावली."

आमच्या घरी दर नाताळला हे कागदाची चांदणी स्वतः करायचे. बाजारात विजेची सुंदर मिळते, मी म्हणायचे. हो, मिळते, म्हणायचे, आणि कातरी घेऊन बसायचे. परतीच्या एसटीत मी खिडकीबाहेर बघत होते आणि इतक्या वर्षांचे नाताळ पुन्हा एकदा बघत होते.

गेल्या पावसाळ्यात घाटावर पाऊस झाला आणि धरणातून पाणी सोडलं. मोबाईलवर सूचना आल्या, वस्तीच्या खालच्या बाजूची घरं रिकामी करून सगळ्यांना शाळेत हलवलं. सुताराचं घर त्यांतलंच. सगळे शाळेत पोचल्यावर सुताराचा धाकटा भाऊ परत नदीवर गेला. पाणी चढायच्या आधी मोटर काढून आणतो म्हणाला. काठावरचे सगळेच शेतकरी हे करतात. तो आला नाही. दुसऱ्या सकाळी खालच्या अंगाला, बाभळीत अडकलेला सापडला.

दुपारी माझ्या दारात टेम्पो येऊन थांबला. टेम्पोवाल्याने पुढं-मागं करत तोंड रस्त्याकडे वळवलं आणि आतच बसून राहिला.

मी फाटकाशी गेले. "माझ्या घरी काय झालं?"

"तुमच्या घरी काई न्हाई, बाई."

"मग?"

तो स्टिअरिंगवर बोट घासत राहिला. काम दुसऱ्याने ठरवायचं नाही, हा नियम तो पाळत होता. मला कळायला थोडा वेळ लागला.

"सुताराच्या आईला सांगितलंय का?"

"न्हाई. म्हातारी सोसायची न्हाई म्हनत्यात. नगरला गेलाय म्हनून ठेवलंय. सांजच्याला माती देनार, तिला न सांगताच."

"मी मंडळात नाही. मला जमेल का?"

"तुमाला बी कोनी सांगितलं न्हवतं न्हवं," तो म्हणाला. एवढंच. मी चप्पल घातली.

शाळेच्या व्हरांड्यात खिचडीचं मोठं पातेलं होतं आणि सगळीकडे गाठोडी. पिंपाशी सुतार होता. भावाला माती द्यायच्या दिवशीही तो पाणीच भरत होता. त्याने मला पाहिलं, बादली खाली ठेवली आणि पुन्हा उचलली. बाहेर काका कोणाच्या तरी गाईपुढं गवत टाकत होते.

म्हातारी खांबाला टेकून बसली होती. शेजारी एका ताटलीवर ताटली पालथी घातलेली. येणाऱ्या प्रत्येकाला ती विचारत होती, "धाकला आला का गं?" आणि प्रत्येकजण म्हणत होता, "येईल."

मी तिच्यासमोर फरशीवर बसले. हात मांडीवर ठेवले.

"मावशी, तुमचा धाकटा मुलगा नदीत वारला. आज संध्याकाळी माती द्यायची आहे."

व्हरांड्यातली कुजबूज थांबली. कोणीतरी मागून "बाई!" म्हणालं, रागाने. मी उठले नाही. म्हातारी माझ्या हातांकडे बघत होती. मला वाटलं, मी चूक केली. ह्यांना हे दर वेळी वाटत असेल का?

तिने ताटलीवर हात ठेवला. "त्याच्या वाटची खिचडी म्या कालपसून झाकून ठिवलीया. कोनी म्हनलं न्हाई, म्हातारे, शिळी झाली, टाकून दे. तवाच वळखलं." तिने ताटली सरळ केली. "तुझ्या मालकानं माझ्या मालकाचं सांगितलं हुतं मला. असंच, हात मांडीवर. त्यो गेला तवा म्हनलं, आता आपल्याला कोन सांगायचं?"

मग तिने विचारलं, "कुठं ठिवलाय त्याला?"

"चर्चमध्ये."

"चल मंग."

सुतार बादली टाकून आला. आम्ही दोघांनी मिळून तिला उचललं. टेम्पो तोंड वळवून उभाच होता, सरळ निघाला. चर्चमध्ये तिने मुलाच्या तोंडावरचा चिखल पदराने पुसला आणि संध्याकाळी पहिली माती तिने टाकली.

बंधुमंडळात बायका नसतात, अजूनही नाहीत. रविवारी पुरुष पायरीवर बसतात, मी घरी येते. फाटकाशी टाकलेला तो भारा शेजाऱ्यांच्या शेळीने तेव्हाच खाल्ला. ह्यांचा धुतलेला सदरा खुंटीला आहे. नाताळची चांदणी मी केली, ती एका बाजूला कलते. कोणाकडे काही झालं की टेम्पो दारात येऊन उभा राहतो, आणि मी जाते.