दहा वेळा दाबलेलं बटण

देवयानीबाई सोलापुरातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतात. कॉलेजात असताना त्यांनी हॅम रेडिओची, म्हणजे हौशी बिनतारी संभाषणाची, परीक्षा देऊन परवाना काढला आणि लग्न, संसार, सासूबाईंचं आजारपण या सगळ्यातून तो छंद टिकवला. चार वर्षांपूर्वी मोटारीत बसवायचा डिजिटल सेट घेतला तेव्हा तर त्या लहान मुलीसारख्या हरखल्या होत्या. घरच्या इंटरनेटला जोडलेल्या एका छोट्या डबीतून तो सेट कुठेही पोचायचा. होटगी रस्त्याच्या सिग्नलला थांबल्या थांबल्या त्या केरळातल्या एखाद्या डॉक्टरशी बोलायच्या, आणि आवाज असा की माणूस जणू शेजारच्या सीटवर बसलाय.

तिप्पण्णा त्यांच्याच हॅम रेडिओच्या वर्गात शिकून हॅम झालेला. वीज मंडळातून निवृत्त झालेला वायरमन, सीना नदीच्या काठावरच्या एका गावात राहणारा. त्याने हातातला डिजिटल सेट घेतला आणि पहिल्याच आठवड्यात बाईंकडे आणून ठेवला.

"बाई, लई बटणं हायत ह्याला. चुकून कुटंबी जातंय बगा. मला सोपं करून द्या की."

बाईंनी संगणकाला सेट जोडून चार डिजिटल चॅनेलं ठेवली आणि बाकीची सगळी पुसली. त्यात जुन्या पद्धतीची, ॲनालॉगचीही गेली. वर संगणकातूनच सेटला कुलूप घातलं, म्हणजे हात लागून काही बिघडायला नको. ती खरखर आता कोण ऐकतंय, असं त्या म्हणाल्याही. तिप्पण्णा खूश होऊन गेला.

गेल्या सप्टेंबरात सीना पात्राबाहेर आली. एका सकाळी पुण्याचा रस्ता बंद झाला, मोबाईलचे मनोरे गेले, नेट गेलं. बाईंची ती डबी नुसता दिवा मिचकावत बसली. त्यांनी मोटार काढली आणि पाण्यापर्यंत जाता येईल तेवढं गेल्या. रस्त्याकडेला उंचावर नायब तहसीलदार आणि बचाव पथकाची एक बोट होती. तिथून तिप्पण्णाचं गाव आठ किलोमीटर. बाईंनी सेट थेट चॅनेलवर, नेटशिवाय सेटवरून सेटला पोचणाऱ्या, लावून हाक दिली.

डिजिटल सेटवर कुणी बोलायचं बटण दाबलं की त्याचं नाव समोरच्याच्या पडद्यावर येतं. तिसऱ्या हाकेला पडद्यावर तिप्पण्णाचं नाव उमटलं. पण आवाज? पाण्याखालून कुणी बोलावं तसे तुकडे आले. "...ळ...वर... अकरा..." आणि मग काहीच नाही.

त्यांच्या मोटारीतला सेट ताकदीचा, त्यामुळे त्यांचं बोलणं त्याला पोचत होतं. त्याच्या हातातला सेट लहान. जुन्या ॲनालॉगवर आवाज दुबळा झाला की खरखर वाढते, पण कान देऊन ऐकलं तर शब्द लागतात. डिजिटलमध्ये शब्द एक तर काचेसारखा स्वच्छ येतो, नाहीतर येतच नाही.

"अकरा माणसं आहेत," बाई नायब तहसीलदारांना म्हणाल्या. "शाळेवर म्हणतोय."

"नक्की?"

गावात स्लॅबची इमारत शाळेचीच होती. माणसं आणखी कुठे चढणार?

"हो," बाई म्हणाल्या.

बोट गेली. बाई हाका मारत राहिल्या. पडद्यावर नाव उमटे, विझे, पुन्हा उमटे. तिप्पण्णा काहीतरी सारखं सांगत होता, आणि त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. पावणेदोन तासांनी बोट परत आली ती रिकामी. शाळेवर कुणी नव्हतं.

तिप्पण्णाच्या सेटच्या कुलपाची, पुसलेल्या चॅनेलांची आठवण बाईंना त्या क्षणी झाली. त्याला ॲनालॉगवर ये म्हणावं तर त्याच्याकडे ते नव्हतंच. संगणक शहरात, तो पत्र्यावर नाहीतर झाडावर, मध्ये नदी.

नायब तहसीलदार म्हणाले, "बाई, डिझेल एका फेरीपुरतं आहे. कुठे पाठवू सांगा."

बाई पडद्याकडे बघत होत्या. आवाज फुटत होता, पण नाव तर उमटत होतं! त्यांनी माइक ओढला.

"काका, बोलू नका. नुसतं बटण दाबा. हो असेल तर एकदा, नाही असेल तर दोनदा. कळलं?"

नाव एकदा उमटलं.

"गावात आहात?"

दोनदा.

"मळ्यात?"

एकदा. त्या 'ळ...वर'चा अर्थ तेव्हा लागला.

"ओढ्याच्या पलीकडं?"

एकदा.

"तुमच्या पत्र्याच्या शेडवर?"

पुन्हा एकदा.

बोटवाले निघालेच होते. बाईंनी त्यांना हाताने थांबवलं. "काका, किती जण आहात? तेवढ्या वेळा दाबा."

त्या बोटांवर मोजू लागल्या. नाव दहादा उमटलं आणि थांबलं. एखादी खूण हुकली असेल म्हणून त्यांनी विचारलं, "अकरा ना, काका?"

दोनदा.

"सकाळी अकरा म्हणालात ना?"

नाव एकदा उमटलं, विझलं, आणि पुन्हा आलं नाही.

दुपारी दहा माणसं काठाला लागली. तिप्पण्णाची बायको शिवम्मा त्यांत नव्हती. शेडचा एका कडेचा पत्रा सुटला तेव्हा ती घसरून पाण्यात गेली होती. बोट शाळेपाशी फिरत होती, त्याच वेळी.

पंधरा दिवसांनी बाई अक्कलकोटला गेल्या. तिप्पण्णा तिथे लेकीकडे होता. बाईंनी काही न लपवता सांगितलं. शाळा म्हणून आपण पाठवलं, आणि त्याच्या सेटमधलं ॲनालॉगही आपणच पुसलं होतं.

"ते असतं तर आवाज आला असता?" त्याने विचारलं.

"खरखर आली असती. पण शब्द कळले असते."

तिप्पण्णा हळू म्हणाला, "मनगट धरलंतं मी तिचं. एका हातात सेट. सेट टाकावा तर बाकीच्यांचं काय, म्हणून धरून बसलो. दोनी हातांनी धराया पायजे हुतं."

"काका—"

"आता जावा तुमी, बाई."

लेकीने आणलेला चहा तसाच राहिला. बाई उठल्या.

दिवाळीच्या सुट्टीत त्या केमला गेल्या, टेंभुर्णीला गेल्या. जिल्ह्यातल्या ज्या ज्या हॅमच्या सेटमध्ये त्यांनी चॅनेलं भरून दिली होती, तो सेट काढून त्यात ॲनालॉगची चॅनेलं घातली, कुलपं काढली. कुणी कारण विचारलं तर त्या सगळं सांगत.

रविवारी सकाळी जिल्ह्यातले हॅम रेडिओवर एकत्र येतात तेव्हा हजेरी अजून बाईच घेतात. यादीत तिप्पण्णाचं नाव आहे. त्या ते घेतात, उत्तरासाठी थोडं थांबतात, मग पुढचं नाव घेतात.