रविवारचं इंजिन

जर्मनीत डार्मश्टाटला पीएचडी करत होतो तेव्हा माझ्या खिडकीखालीच एका जर्मन गृहस्थांचं गॅरेज होतं. वय साठीचं, कानामागे कायम टूथब्रश खोचलेला. माळरानावर पळवायच्या जुन्या तीनचाकी गाड्या ते भंगारातून आणायचे आणि त्याच ब्रशने गंज खरवडून नव्यासारख्या करायचे. पुढे एक चाक, मागे दोन, तिन्ही फुग्यासारखी.

"आमच्या पुण्यात हिला छप्पर घालून मीटर लावतात," मी एकदा म्हणालो.

"चिखलातून जाते?"

"मालक तयार असला तर कुठूनही जाते. तो तयार नसतो."

ते खूप हसले.

दोन वर्षं मी त्यांची एक लाल गाडी सुट्ट्या तुकड्यांत पाहत होतो. ती पुरी झाली नेमकी मी कायमचा परत निघालो त्या दिवशी, आणि तो रविवार निघाला.

"संध्याकाळी विमान आहे माझं. एकदाच ओढा ना स्टार्टरची दोरी. आवाज तरी ऐकू द्या."

त्यांनी वरच्या खिडक्यांकडे पाहिलं. "आज रूहेत्साइट."

म्हणजे शांततेची वेळ. रविवारी आवाज करायचा नाही, विषय संपला.

मग ते सीटवर बसले, मला मागे बसवलं, दोरी नुसती ओढल्यासारखी केली आणि इंजिन सुरू केलं. तोंडाने! गार इंजिन आधी खोकलं, अडखळलं, मग धरलं. गियर पडले, चढ आला, वळणावर आम्ही दोघंही कललो.

तेवढ्यात वरच्या आजींची खिडकी उघडली. "अहो, आज रविवार आहे!"

गृहस्थ ओशाळले. "एन्टशुल्डिगुंग, माफ करा," म्हणाले, आणि हँडलवरचं बटण दाबून त्यांनी इंजिन बंद केलं.