माझ्या परीक्षेला सगळं गाव बरं झालं

मला हसू फार येतं. आता या वयात लोक त्याला आनंदी स्वभाव म्हणतात. तेव्हा खोड म्हणायचे, आणि त्या खोडीपायी माझी डॉक्टरकी गावाच्या वेशीवरच अडली होती.

नागपूरच्या वैद्यकीय शाळेत मी शिकले. लेखी परीक्षेत माझे गुण वरचे होते, उगाच नम्रपणा कशाला? घोटाळा झाला तो तोंडी परीक्षेत. टेबलाजवळ हाडांचा सांगाडा टांगला होता आणि त्याच्या जबड्याची कडी सैल होती. परीक्षक मास्तरांनी त्याच्या बरगडीवर छडी ठेवून प्रश्न विचारला की त्याचा जबडा खाली पडायचा, जणू उत्तर तोच देणार. दोनदा मी गालाच्या आतून दात रोवले. तिसऱ्यांदा फुटले. एकदा फुटल्यावर मला थांबता येत नाही, ते आजही येत नाही.

पास केलं त्यांनी, पण शेरा मारला: अभ्यास उत्तम, रोग्यासमोर गांभीर्य नाही. झालं. नागपूरच्या बायकांच्या इस्पितळात राहून काम करायची, हाउस सर्जनची, जागा मला हवी होती. वरून हुकूम आला, की हिनं आधी एका खेड्यातल्या दवाखान्यात काम करावं, मग जिल्ह्याचे सिव्हिल सर्जन स्वतः येऊन हिला रोगी तपासताना पाहतील आणि ते म्हणतील तसं होईल. ते हो म्हणाले तर इस्पितळ. नाही म्हणाले तर मांडव. बाबांनी मानोऱ्याकडचं एक स्थळ बघून ठेवलं होतं. त्या घरच्या विहिरीचं आणि बैलजोडीचं कौतुक मी इतकं ऐकलं, की नवरदेवाबद्दल कोणी काही सांगितल्याचं मला आठवत नाही.

दवाखाना मिळाला तो अनसिंगजवळच्या एका गावात, आणि तिथे माझी आत्याबाई दिलेली होती. मी तिच्याच घरी राहिले. आत्याबाई म्हणजे बाबांची थोरली बहीण. चाळीस एकराची मालकीण, रंगानं सावळी, आवाजानं खणखणीत. तिच्या बोलण्याला पूर्णविराम नव्हता. ती एका दमात बोलायची आणि तो दम कुठे घ्यायची ते कोणाला दिसलं नाही. पोहरादेवीच्या जत्रेत तिचे यजमान चुकून परक्याच्या गाडीत बसून गेले, ही तिची ठरलेली गोष्ट. ती गोष्ट सुरू झाली की पाहुणा पाण्याचा पेला हातात धरून बसायचा, कारण प्यायला सवड मिळत नसे.

दवाखान्याचे डॉक्टर माणूस म्हणून सोनं. पेन्शनीला आलेले, सुपारी चघळणारे, आणि वरच्या साहेबांचं नाव निघालं की ती सुपारी गिळून टाकणारे. त्यांनी मला कधी हसण्यावरून टोकलं नाही. पोरं तर माझ्यापुढे आपण होऊन तोंड उघडत. मी हसले की ती हसायची, आणि घसा दिसायचा. काम छान चाललं होतं.

साहेब येणार असल्याचा निरोप आला तेव्हा चैत्र लागला होता. डॉक्टरांनी दवाखान्याला चुना मारून घेतला. मी घरी पुस्तकं उघडून बसले. आत्याबाईनं ताट पुढ्यात ठेवत विचारलं, "सायेब येऊन काय पाहीन वं?"

"माझ्या हातचे रोगी पाहतील," मी म्हणाले आणि भाकरीचा तुकडा मोडला.

बस्स, एवढंच बोलले मी. पुढचं सगळं रामायण या एका वाक्यातून निघालं.

कारण परीक्षा कशी घेतात हे आत्याबाईला पक्कं माहीत होतं. गावच्या शाळेत दिपोटी यायचे, म्हणजे तपासणीचे साहेब. ते येणार म्हटलं की मास्तर ढ पोरांना घरी ठेवत. हुशार पोरांच्या डोक्याला तेल चोपडून त्यांना पुढच्या रांगेत बसवत. दिपोटी खूश, मास्तर खूश, ढ पोरं सगळ्यांत खूश. आता माझी परीक्षा होती. मग बिमार माणसं म्हणजे ढ पोरं, नाही का? मी दवाखान्यात गेले की आत्याबाई मारुतीच्या पारावर बायका गोळा करायची आणि त्या बायका घरोघर निरोप न्यायच्या. हे मला नंतर कळलं. घरात मात्र ती आठवडाभर गप्प होती. माझा अभ्यास चाललाय म्हणून गप्प असेल, असं मी धरलं.

त्या दिवशी सकाळी दवाखान्यात पोचले आणि दारातच थबकले. रोज ओसरीवर माणसं आडवी पडलेली असत, कण्हत, खोकत. आज एकही आडवं नव्हतं. सगळं गाव रांगेत उभं, न्हाऊनधुऊन. बायकांनी ठेवणीतली लुगडी नेसलेली, पुरुषांनी धुतलेले पटके बांधलेले, सगळ्यांच्या डोक्याला तेल. कालपर्यंत हिवतापानं फणफणलेला एक कास्तकार चैत्राच्या उन्हात घोंगडी पांघरून ताठ उभा होता. नारू झालेल्या एका बाप्यानं सुजलेला पाय लग्नातल्या जोड्यात कोंबला होता, आणि जोडा उसवत आला होता. रांगेच्या टोकाला आत्याबाई, पदर डोक्यावरून घेऊन.

"हे काय?" मी डॉक्टरांना विचारलं.

"मला विचारू नका," डॉक्टर म्हणाले आणि सुपारी गिळली.

मोटार आली. साहेब उतरले. उंच, कोरडा माणूस, चेहऱ्यावर सुरकुती नाही. रांग पाहून त्यांना बरं वाटलं असावं. त्यांनी मला खुर्चीशेजारी उभं केलं आणि पहिल्या म्हाताऱ्याला पुढे बोलावलं.

"काय होतंय तुम्हाला?"

"काई नाई सायेब."

"मग दवाखान्यात कशाला आलात?"

"बरं वाटून राह्यलं, थे सांगाले आलो."

साहेबांनी दुसरीला बोलावलं. तिनं पढवल्यासारखं सांगितलं, "मले ताप होता, बाईनं एक पुडी देल्ली, ताप पयाला." तिसऱ्याचा खोकला पयाला होता. चौथीची पोटदुखी. पाचवा म्हणाला, "मले तं पयलेही काई नोतं, पन आता जास्तच बरं हाये."

मला हसू यायला लागलं. ओठ आत घेतले. नखं तळव्यात रुतवली. सांगाडा आठवायचा नाही, असं स्वतःला बजावलं, आणि अर्थातच तो जबडा डोळ्यांपुढे लटकायला लागला.

साहेब घोंगडीवाल्याकडे वळले. "तुम्हाला थंडी वाजतेय का?"

"ना-ना-नाई सायेब." दातांवर दात कडकड वाजत होते. "शौ-शौक हाये घोंगडीचा."

साहेब खुर्चीत मागे टेकले. "डॉक्टर, या गावात एकही रोगी नाही?" मग साहेबच म्हणाले, "रोगी लपवून ठेवलेत तुम्ही. मी हिला पाहायचं तरी कशावर? रोगीच नसेल, तर मला पाहता आलं नाही असं मी सांगणार. मग पुढे काय होईल, ते तुमचं तुम्ही जाणा."

काय होईल ते मला स्वच्छ दिसत होतं: मांडव, विहीर, बैलजोडी. रडायला हवं होतं मी. नेमकी त्याच घटकेला नारूवाल्याच्या जोड्याची शिवण टर्रकन उसवली आणि आतून त्याचा अंगठा बाहेर आला. मी फुटले. साहेबांच्या तोंडावर, खो खो, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. साहेब माझ्याकडे बघत राहिले. माझं नशीब माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं आणि मी पोट धरून उभी.

मग आत्याबाई रांग सोडून पुढे आली. माझी बाजू घ्यायला.

"सायेब," ती म्हणाली, "पोर हासते... पन हात... गुनाचा हाये... तिचा."

माझं हसू तिथल्या तिथे विझलं.

साहेबांना काही वेगळं वाटलं नसेल. खेड्यातली बाई, साहेबापुढे घाबरली, अडखळली. पण मला माहीत होतं की आत्याबाई कलेक्टरासमोरही अडखळणार नाही. ती बोलता बोलता थांबली होती. एवढ्याशा वाक्यात तीनदा थांबली होती.

"आत्याबाई, पोहरादेवीची गोष्ट सांग," मी म्हणाले.

"आता? काहून?"

"सांग म्हणते ना."

"आमी जत्रेले गेलो..." तिनं श्वास घेतला. "तं गाड्या लई..." पुन्हा घेतला. एक खांदा खाली झुकला होता. पदराखाली तिनं उजव्या कुशीवर हात दाबून धरला होता.

"साहेब, मला या रोग्याला तपासायचंय," मी म्हणाले.

"मले काई झालं नाई," आत्याबाई म्हणाली. "मी बरी हावो. इचार कोनाले बी." रांगेतल्या बायकांनी एका सुरात माना हलवल्या.

साहेब उठले. आम्ही तिला आतल्या खोलीत नेलं. किती दिवस दुखतंय, या प्रश्नावर तिनं "कोनाले?" असं विचारलं. ताप येतो का, तर "मले काहून येईन?" सगळं नाहीच. मग मी विचारणं सोडलं आणि पाठीकडे वळले. श्वास घेताना उजवी बाजू मागे राहत होती. पाठीवर डाव्या हाताचं बोट ठेवून त्यावर उजव्या बोटानं वाजवत खाली आले. वर रिकाम्या रांजणासारखा आवाज, आणि मग एका जागी तो भरल्या रांजणासारखा बद्द झाला. त्याखाली कानातली नळी लावली तर श्वासाचा आवाजच नाही.

"काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"फुप्फुसाच्या बाहेर, छातीत पाणी साचलंय. उजव्या बाजूला."

"कुठवर?"

मी निळ्या पेन्सिलीनं पाठीवर रेघ ओढली. त्यांनी स्वतः वाजवत पाहिलं, वरून खाली. त्यांचं बोट माझ्या रेघेवर थांबलं. ते फक्त म्हणाले, "काढा पाणी. मी उभा आहे."

सुई पहिल्याच खेपेला नेमक्या जागी गेली, हे मी अजून अभिमानानं सांगते. पिवळसर पाणी पिचकारीत चढायला लागलं, मग वाडग्यात, मग दुसऱ्या वाडग्यात. आत्याबाई भिंतीकडे तोंड करून मधूनमधून म्हणत होती, "मले काई झालं नाई."

तिला खाटेवर निजवून बाहेर आलो. दारापाशी कान लावून उभी असलेली बाई मागे सरकली आणि क्षणात ओसरीभर बातमी गेली, की आत्याबाईच बिमार निघाली. झालं, आता लपवायचं कोणासाठी? घोंगडीवाला होता तिथेच आडवा झाला. नारूवाल्यानं जोडा भिरकावला आणि मोकळेपणानं विव्हळला. सकाळपासून दाबून धरलेला खोकला सगळ्या गावानं एकदम सोडला. ओसरीवर बोलणं ऐकू येईना. मी साहेबांकडे चोरून बघितलं, तर त्यांचा चेहरा वाकडातिकडा होत होता. शेवटी त्यांनी रुमाल तोंडाला लावला, आणि मग रुमालानंही भागेना. डॉक्टर आधी घाबरले, मग हसायला लागले. मी तर भिंत धरली होती.

डोळे पुसून साहेब मोटारीकडे निघाले. पायरीवर थांबले. "ही हसते असा शेरा आहे. खराच आहे तो. पण हसू कुठे थांबवायचं ते हिला कळतं. जा नागपूरला."

जीव भांड्यात पडला म्हणतात तो असा. मी धावत आत गेले. आत्याबाई रडत होती. मला वाटलं, सुईची जागा दुखत असेल.

"तुले नापास केलं वं म्या," ती म्हणाली. "सगळं गाव बरं केलं... आन मीच बिमार निंगाली. एवढा एक दिवस... दम धरवला नाई."

"अगं, तुझ्यामुळेच पास झाले मी."

"चाल. घरातलीच बिमार निंगाल्यावर... पास कोन करते?" तिनं कूस बदलली. "सायेबाले दया आली असन."

किती समजावलं, तिला ते पटलं नाही. गावभर तिनं हेच सांगितलं, की साहेब देवमाणूस, पोरीच्या आत्याची लबाडी पोटात घातली. दूध, अंडी, सक्तीची विश्रांती, असं करत पावसाळ्याअखेर ती उभी राहिली. त्याआधीच मी नागपूरला इस्पितळात रुजू झाले होते.

दिवाळीत सुट्टी मिळाली आणि गेले. आत्याबाई अंगणात उभी होती. मी पिशवी खाली ठेवायच्या आतच तिनं हात वर केला, मला गप्प बसवलं आणि सुरू केलं:

"आमी जत्रेले गेलो तं गाड्या लई आन धुराया एवढा का कोनाचा बैल कोनाले दिसे ना तं तुहे आतोबा पानी प्याले उतरले आन येऊन बसले परक्याच्या गाडीत आन थ्या लोकायनं त्यायले भाकर देल्ली चटनी देल्ली थे बी खात बसले आन अर्ध्या वाटेत इचारते कसे का आपली बायको काहून चूप हाये वं आज!"

मधे कुठेही श्वास नाही. तिनं विजयानं माझ्याकडे बघितलं. मी पिशवी टाकून अंगणातच बसकण मारली, आणि हसता हसता मला रडू कधी आलं ते कळलं नाही.

"झालं का तपासून?" आत्याबाई म्हणाली. "आता तं पास हावो ना मी?"