कलेजीचा तुकडा आणि जाडं मीठ

संपाला वर्षं लोटली होती, तरी गिरणीच्या हापिसात हेडक्लार्क असलेले माझे वडील रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून दादरच्या आमच्या खोलीत बसायचे. गिरणी आज ना उद्या उघडेल म्हणून. घर माझ्या नोकरीवर चालत होतं, आणि नोकरी माणसांच्या यकृतावर.

परळच्या एका इस्पितळात यकृतातली गाठ काढताना भोवतीचा थोडा चांगला भागही कापावा लागायचा. एरवी तो फेकलाच जायचा. तो मी प्रयोगशाळेत आणायचा, त्यातल्या जिवंत पेशी सुट्या करायच्या, आणि मग साहेब त्यांच्यावर नवी औषधं तपासणार. माझ्या पेशी मात्र हटकून मेलेल्या निघत. वास्तविक काळजीत मी काही कमी ठेवत नव्हते. तुकड्याची बाटली बर्फात, आणि गारवा टिकावा म्हणून बर्फात दोन मुठी जाडं मीठ, आई घरी पॉटचं आइस्क्रीम करताना घालायची तसं. एम.एस्सी. पहिल्या वर्गात पास झालेली मी, मला मेलीला कोण काय शिकवणार. शेवटी साहेब म्हणाले, या महिन्यात पेशी जगल्या नाहीत तर तुमची मुदत वाढणार नाही.

त्याच आठवड्यात माहीमची एक कोळीण दाखल झाली. बाजारात मासे विकण्यात तिची हयात गेलेली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी संमतीचा फॉर्म घेऊन मी तिच्या खाटेशी गेले. विज्ञान, मानवजात, सगळं सांगून झालं. बाई ढिम्म. मग मला रडूच फुटलं. म्हटलं, "मावशी, तुमची कलेजी जगली नाही तर माझी नोकरी जाईल."

"असं सांग ना मगाधरनं," ती म्हणाली. "नेतेस कशी?"

मी सांगितलं. मिठाचं ऐकून तिने कपाळाला हात लावला. "बर्फात मीठ टाकलं की मास गोठून दगड होतं, न मग सुटतं त्याचं पाणी. आइस्क्रीम करतेस काय माझ्या कलेजीचं? नुसता बर्फ घाल, मधी फडकं ठेव."

आणि तिने अंगठा उठवला. फॉर्मवर आधीच छापलेलं होतं, 'विज्ञानाच्या प्रगतीसाठी, स्वखुशीने'.

पेशी जगल्या. साहेबांनी अहवालात 'आमची सुधारित पद्धत' असं लिहिलं आणि मी मान डोलावली. आनंद झालाच, पण लाजही वाटली. ती मी कोणाला बोलून दाखवली नाही.

पुढे तपासणीला आली तेव्हा ती थेट प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली. "दाखव माझी कलेजी."

"ती मेली, मावशी. किती औषध घातलं की मरते, तेच बघायचं होतं."

"म्हणजे मारायलाच जगवली होय?" बरगडीखालची जखम हाताने दाबून ती हसायला लागली. "जाऊ दे. तुझी नोकरी राहिली ना?"

"हो. तीन महिने वाढली."

"तीन महिन्यांनी परत हेच?" तिने पदर सारखा केला. "आता माझ्याकडं कापायला काय नाय गो बाय."