मधलं पॅडल

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, वेणीमाधव आष्टेकर, यांनी १९९० ते ९६ या सहा वर्षांत शर्यतीची मोटार बांधली. त्यांना मोटार चालवता येत नव्हती. घरात मोटार असण्याचा प्रश्न कधी आलाच नव्हता. वाराणसीत मंगला गौरीजवळच्या त्यांच्या गल्लीत समोरून गाय आली की माणसाला कुणाच्या तरी ओट्यावर चढावं लागे.

भावजींनी तीस वर्षं रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात पत्र्याचं काम केलं. मुख्यतः छपरं. इंजिनाच्या छपराकडे कुणी बघत नाही. त्यांचं म्हणणं असं, की पत्रा एका दिशेने कुणीही वाकवेल, यंत्रसुद्धा वाकवेल. एकाच वेळी दोन दिशांनी वळवणं हे खरं काम. ते त्यांच्या वाट्याला एकदाही आलं नाही.

निवृत्तीच्या वर्षी गोदौलियाच्या फुटपाथवर त्यांना मोटारींचं एक जुनं इंग्रजी मासिक मिळालं. त्यात १९२७ सालच्या एका गाडीचा आराखडा होता. रस्त्यावरच्या शर्यतींत धावणारी, दोन सीटची, बिनछपराची गाडी. मागची शेपटी नावेच्या टोकासारखी निमुळती झालेली आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी वळलेली. पानाचा खालचा भाग फाटला होता, म्हणजे अर्धी मापं गेली होती.

"विश्वजीत," ते मला म्हणाले, "तू कॉलेजात इंग्रजी शिकवतोस ना?"

"हो."

"मग एक पत्र लिही."

मासिक तीस वर्षांपूर्वीचं होतं. त्यात छापलेल्या एका क्लबच्या पत्त्यावर मी पत्र टाकलं. सात आठवड्यांनी उत्तर आलं. क्लबचे चिटणीस हॉलवर्ड नावाचे निवृत्त दंतवैद्य होते आणि त्यांच्याकडे तशीच गाडी होती. त्यांनी सगळी मापं पाठवली. खाली एकच प्रश्न: गाडीसारखी दिसणारी गाडी हवी आहे, की गाडी?

"गाडी," भावजी म्हणाले. मी तेवढंच टाइप केलं.

शिवपूरला बर्फाचा एक कारखाना बंद पडला होता, त्याची शेड त्यांनी घेतली. रोज सकाळी जेवून सायकलने निघायचे. नियम एकच: १९२७ साली जे नव्हतं ते गाडीत घालायचं नाही. विजेचं वेल्डिंग केलं नाही, खालच्या लोखंडी सांगाड्याला रिव्हेट मारले. डोक्यावर फुली असलेले स्क्रू तेव्हा निघाले नव्हते, म्हणून सरळ खाचेचे स्क्रू शोधत लोहटियातली दुकानं पालथी घातली. एका दुकानदाराने विचारलं, दोन्ही कसतात तर फरक काय? भावजी म्हणाले, दहा वर्षांचा.

पत्रा बसवायच्या वरच्या सांगाड्याला अ‍ॅश नावाचं विलायती लाकूड लागायचं. ते इथे कुठून मिळणार? हॉलवर्डसाहेबांनी कळवलं की जुन्या व्यायामशाळांतले पॅरलल बार त्याच लाकडाचे असत. आमच्या कॉलेजच्या व्यायामशाळेत इंग्रजांच्या काळातले दोन जोड मोडून पडले होते. मी प्राचार्यांकडे अर्ज केला. कारणाच्या जागी "मोटार" लिहिलं. अर्ज मंजूर झाला, बहुधा न वाचता.

इंजिन चुनारजवळच्या एका बागेत सापडलं. पन्नास वर्षं ते विहिरीचं पाणी उपसत होतं. भावजींनी त्याच्या नंबरावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासली आणि तो कागद विलायतेला पाठवला. उत्तर आलं: इंजिन बरोबर आहे, माझ्या गाडीत आहे त्याच्यापेक्षा जास्त बरोबर आहे. बागेच्या मालकाला भावजींनी विजेचा पंप बसवून दिला.

मग शेपटी. वाळूच्या थैलीवर पत्रा ठेवून लाकडी हातोड्याने ठोकायचा, साच्यावर लावून बघायचा, पुन्हा ठोकायचा. पहिली शेपटी फेकली. दुसरी फेकली. तिसरीला चौदा महिने लागले. आणि ती झाल्यावरही ते रोज तिच्यावरून बोटं फिरवत बसायचे. कुठेतरी काहीतरी चुकलं होतं आणि सापडत नव्हतं.

माझी बहीण लीलाताई तोवर शेडमध्ये एकदाही गेली नव्हती. कुणी विचारलं तर "ह्यांचं शिवपूरला काम असतं" एवढंच सांगायची. एका गुरुवारी भावजी चष्मा घरी विसरले म्हणून ती आणि मी रिक्षाने तो द्यायला गेलो. तिने गाडी बघितली. मग पदराला हात पुसून तिने शेपटीवरून वरपासून खालपर्यंत तळवा फिरवला, पोळी सगळीकडे सारखी लाटली गेली का बघतात तसा.

"अहो, इथे गड्ढा आहे," ती म्हणाली.

भावजी उठून आले. तिने हात उचलला नव्हता. त्यांनी आपलं बोट तिच्या तळव्याखाली सरकवलं.

"आहे," ते म्हणाले.

"पोळीच्या पापुद्र्याएवढा, डोळ्याला दिसणार नाही. पण आहे."

"एकवीस दिवस शोधतोय."

"मग विचारायचं नाही का?" ताई म्हणाली, आणि तिथल्या एकुलत्या एक स्टुलावर बसली. त्यानंतर ठोकलेला एकही पत्रा तिचा हात फिरल्याशिवाय गाडीवर चढला नाही. घरी जेवायला बसले की दोघांचं पत्र्याबद्दल बोलणं चाले. त्याआधी जेवताना ते काय बोलत असत, मला आठवत नाही. बहुधा काही नाही.

एकोणसत्तरच्या थंडीत नव्हे, शहाण्णवच्या. आकडे माझे नेहमी उलटेपालटे होतात. शहाण्णवच्या थंडीत गाडी उभी राहिली. भावजींनी तोवर काशीनाथ यादवकडून मोटार शिकून घेतली होती. काशीनाथ कारखान्याची जीप चालवायचे. पण जीपला वेगाचं पॅडल उजवीकडे असतं. १९२७ च्या त्या गाडीत ते मधे होतं, आणि उजवीकडे ब्रेक.

पहिल्या फेरीला काशीनाथ शेजारी बसले. भावजींना वेग हवा असे तेव्हा गाडी थांबे, आणि थांबायचं असे तेव्हा ती पळे. दुसऱ्या वळणावर त्यांनी जिवाच्या आकांताने ब्रेक समजून मधलं पॅडल दाबलं आणि गाडी मोहरीच्या शेतातून थेट पलीकडच्या तळ्यात गेली. म्हशी बाजूला झाल्या.

काशीनाथ गुडघाभर पाण्यात उतरून म्हणाले, "बाबूजी, पैडल बदल दीजिए. दस मिनट का काम है."

"ते तिथेच होतं," भावजी म्हणाले.

"तो चलाएगा कौन?"

काशीनाथनी दोन दिवस प्रयत्न केला. त्यांचाही पाय पंचवीस वर्षांच्या सवयीने उजवीकडेच जाई. मी सायकलशिवाय काही चालवलेलं नाही. तिसऱ्या दिवशी ताई स्टुलावरून उठली.

"मला काहीच येत नाही," ती म्हणाली. "मला दाखवा."

ती चोपन्न वर्षांची होती. विसरण्यासारखं तिच्याकडे काही नसल्यामुळे ती सहा आठवड्यांत शिकली. परीक्षा घेणारा अधिकारी गाडीभोवती दोनदा फिरला, आणि आपला चष्मा घट्ट धरून शेजारी बसला. तिला लायसन्स मिळालं. कागदोपत्री ती कुठलीही मोटार चालवू शकत होती. प्रत्यक्षात फक्त एक.

सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत कँटोन्मेंट ते सारनाथ अशी जुन्या गाड्यांची रॅली निघाली. आयोजकांनी सांगितलं, स्पर्धा अस्सल गाड्यांची आहे, पण तुम्ही सगळ्यांच्या शेवटी, नंबराशिवाय या. ताई पदर खोचून आणि कान मफलरने बांधून बसली. भावजी शेजारी, कारण त्या गाडीत पेट्रोलचा दाब टिकवायला शेजारच्याने हातपंप मारत राहावं लागतं. वरुणेच्या पुलापर्यंत त्यांनी चार गाड्या मागे टाकल्या. पहाडियापर्यंत सात.

सारनाथला दिल्लीचा एक व्यापारी गाडीखाली जाऊन बराच वेळ बघत राहिला. वर येऊन त्याने सांगितलं, घेतो. फक्त डॅशबोर्डवरची पितळी पट्टी काढा. पट्टीवर भावजींनी स्वतः कोरलं होतं: नक्कल, वाराणसी, १९९६.

"पट्टी नसेल तर कुणाला कळणार नाही," तो म्हणाला.

"म्हणूनच लावली," भावजी म्हणाले.

व्यापाऱ्याने ताईकडे मोर्चा वळवला. बहनजी, तुम्ही समजवा. ताई इंजिन सुरू करून बसली होती. "भाईसाहब," ती म्हणाली, "आप सामने से हटिए. इसका ब्रेक पुराना है."

मी रॅलीचे फोटो हॉलवर्डसाहेबांना पाठवले. त्यांचं पत्र आलं. ते ऐंशी वर्षांचे झाले होते आणि अक्षर कापत होतं. गाडीत एक चूक आहे, त्यांनी लिहिलं होतं: हॉर्न १९२९ चा आहे. आणखी काही सापडलं नाही, दोनदा बघितलं. मी पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. भावजींनी ते माझ्याकडून घेतलं, इंग्रजी येत नसताना पुन्हा एकदा पाहिलं, आणि घडी घालून खिशात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हॉर्न उतरवला. १९२७ चा अजून मिळालेला नाही. रविवारी ताई गाडी काढते तेव्हा शिवपूरच्या रस्त्यावर तिचा आवाज लांबून ऐकू येतो: "हटो! अरे, हटो!"