तिसऱ्या पट्टीचं भात

क्वाक जोमरे आमच्या भात संशोधन केंद्रात रोजावर यायला लागली तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होती, आणि मी आकडे लिहून घेण्याच्या नोकरीला नुकतीच लागले होते. जोमरे मूळची बेटावरची. बापाचा धंदा समुद्रातलं शेवाळ वाळवून विकण्याचा. लग्न होऊन आमच्या सेमगोल गावात आली तेव्हा भाताचं रोप कुठलं आणि गवत कुठलं, हे तिला कळत नव्हतं. पहिल्याच निंदणीला तिनं गवत जपलं आणि भात उपटला. ही गोष्ट सासरकडच्या बायका पंचवीस वर्षांनीही चवीनं सांगत.

"म्हणून तर मी नीट बघायला शिकले," जोमरे म्हणायची. "तुम्ही जन्मापासून भातात, तुम्ही कशाला बघताय!"

केंद्राच्या मागे ओढ्यालगत आमचे शास्त्रज्ञ पेक साहेब यांच्या प्रयोगाच्या तीन पट्ट्या होत्या. माती एक, पाट एक, वाणही एकच. पहिल्या पट्टीला पिशवीवर छापलंय तेवढं खत आणि ठरल्या तारखेला फवारणी. दुसरीला खत निम्मं, आणि कीड खरंच दिसली तरच औषध. तिसरीला यातलं काहीच नाही. हिवाळ्यात तिच्यात हिरवळीचं पीक वाढवून वसंतात गाडायचं आणि लावणीनंतर पाण्यात गोगलगायी सोडायच्या. त्या कोवळं तण खाऊन टाकत. जमीन सपाट नसली आणि खोलगट जागी भाताचं रोप पाण्यात बुडलं, तर तेही खात.

जोमरेनं पट्ट्यांना नावं दिली होती. पहिली म्हणजे 'पेशंट', दुसरी 'शहाणी' आणि तिसरी 'वांड'.

पहिली चार वर्षं वांड पट्टीनं आमचं हसं केलं. तण माजलं, दाणा हलका भरला. पेशंट दहा पोती देई तिथं ती सहावर थांबे. पेक साहेब आकडे पुन्हा पुन्हा तपासत. ते मितभाषी गृहस्थ, स्वतःच्या प्रयोगाबद्दलही शंका बाळगणारे. पाचव्या वर्षी ती सातावर गेली, पुढं आठावर. मग एक उन्हाळा थंड आणि ओला गेला, आणि करपा रोगानं पेशंट पट्टी अर्धी जाळली. खतानं पानं लुसलुशीत झाली होती, रोगाला आयतं जेवण मिळालं. वांड पट्टीवर ठिपके आले आणि तिथंच थांबले.

तेव्हा एकदा बांधावर आंबवलेल्या कोबीची खिमची आणि भात खाता खाता जोमरे म्हणाली, "पहिलीचं भात वाईट नाही हो. पण त्याला दर वेळी कुणीतरी बाहेरून येऊन वाचवावं लागतं. हिच्या घरात हिची माणसं आहेत."

माणसं म्हणजे कोळी. मोजायचं काम आमच्या दोघींकडे होतं. भाताच्या चुडाखाली, म्हणजे रोपांच्या झुबक्याखाली, पांढरं ताट धरायचं, बुंध्याला चापट मारायची आणि ताटात काय पडतं ते मोजायचं. जोमरे बोलत जायची, मी लिहीत जायचे. अकरा वर्षं आम्ही हे केलं.

अकराव्या वर्षी तिनं घरी विषय काढला, आपलं शेतही तिसऱ्या पट्टीसारखं करायचा. नवरा प्यो गिलसू हा गावातला कष्टाळू, अबोल शेतकरी. ओढ्याच्या वरच्या अंगाला त्याचं चार एकर भात होतं, आणि दर उन्हाळ्यात तो पाठीवर टाकी घेऊन ते फवारायचा.

"वेड लागलंय तुला," तो म्हणाला. "सरकारी पट्टी बुडाली तरी साहेबांचा पगार चालू राहतो. आपलं बुडालं तर आपण काय, तुझ्या माहेरचं शेवाळ खायचं?"

"खाल्लंत की बाळंतपणात माझ्या वाटणीचं शेवाळाचं सूप! तेव्हा बरं गोड लागलं."

हो-ना करता करता तो कबूल झाला. का झाला, हे तेव्हा जोमरेला कळलं नाही. तिला वाटलं, आपण भांडणात जिंकलो.

पहिल्या दोन वर्षांत तिच्या शेतात गवत इतकं वाढलं, की लोक रस्त्यावर गाडी थांबवून विचारत, "वहिनी, बैल पाळताय का?" ती पहाटे केंद्रावर येण्याआधी आणि संध्याकाळी परतल्यावर गुडघाभर चिखलात वाकून उभी असे. पाठीला बाक आला तो तेव्हाच. तिसऱ्या वर्षी त्यांनी शेत पुन्हा सपाट करून घेतलं, गोगलगायींनी आपलं काम केलं आणि भात पाहून गिलसूच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच जरा रंग आला.

आणि त्याच वर्षी तुडतुडे आले.

हे तपकिरी तुडतुडे पावसाळ्यात वाऱ्याबरोबर समुद्रापलीकडून येतात आणि सप्टेंबरपर्यंत त्यांची पिढ्यान्‌पिढ्या वाढ होते. मग एका दिवशी हिरव्या शेतात त्यांनी रस शोषलेल्या भाताचा ताटलीएवढा पिवळा गोल दिसतो, आठवड्यात तो अंगणाएवढा होतो. शेजारच्या शेतात असे सहा गोल पडले. त्या शेतात दोनदा औषध मारून झालं होतं. जोमरेच्या शेतात अजून एकही गोल नव्हता, पण बुंध्याशी तुडतुडे होते.

गिलसूनं तिला न विचारता ड्रोनवाल्या पोंगूला फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी पोंगू यंत्र घेऊन बांधावर हजर. जोमरे धावत गेली ती थेट शेताच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"वहिनी, बाजूला व्हा. पाती लागतील!" पोंगू ओरडला.

"भाताची पाती रोज कापतात मला. सवय आहे."

"गिलसूदादांनीच बोलावलंय मला."

"मग दादांनाच फवार!"

पोंगूला हसावं की रडावं ते कळेना. गिलसू मात्र पांढराफटक पडला होता. "मीसुकच्या आई, ही तुझी प्रयोगशाळा नाही. वर्षाचं अन्न आहे हे."

"अहो मीसुकचे बाबा, मला माहीत आहे. मला पाच दिवस द्या. औषध मारलं तर आधी कोळी मरतील. तुडतुड्यांची अंडी देठात सुखरूप राहतील, आणि बाहेर येतील तेव्हा त्यांना खायला कुणी उरणार नाही. शेजारी तेच झालंय, बघा ना."

"आणि तुझे कोळी हरले तर?"

"तर पोंगूला मी स्वतः बोलावीन. तुमच्या पाया पडून."

गिलसूनं पोंगूला परत पाठवलं. त्याच सकाळी जोमरेचा मला फोन आला. "ताट घेऊन ये गं. चुकले तर एकटीनं चुकायला नको."

मी गेले. केंद्राची पट्टी बुडाली तर वहीत एक लहान आकडा पडतो. इथं बांधावर उभा असलेला माणूस माझ्याकडे आशेनं बघत होता.

वीस ठिकाणी चुडांना चापट्या मारल्या. सरासरी एका चुडाला सोळा तुडतुडे, तीन कोळी. दुसऱ्या दिवशी सतरा. तिसऱ्या दिवशी पुन्हा सतरा, पण कोळी पाच. शेजारचे गोल वाढतच होते. गिलसू जेवत नव्हता, म्हणून जोमरेही जेवत नव्हती. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, मात्र सकाळी मी पोचायच्या आधी दोघंही बांधावर येऊन बसलेले असत. चौथ्या दिवशी अकरा. माझा विश्वास बसेना, मी पुन्हा मोजायला लावलं. अकराच. पाचव्या दिवशी ताटात सहा तुडतुडे पडले आणि सहा कोळी. त्यातल्या एका कोळ्याच्या तोंडात तुडतुडा होता. गिलसू वाकून बराच वेळ बघत राहिला.

मग तो बांधावर मटकन बसला. टोपी काढली, तोंड पुसलं. मला वाटलं घाम पुसतोय.

"मला भीती वाटायची," तो म्हणाला. "तुडतुड्यांची नाही. फवारणीची. आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागायचा नाही. फवारून आलो की बोटं बधिर, डोकं गरगरायचं. मीसुक लहानपणी धावत यायची, तर मी तिला लांब ढकलायचो, अंगाला वास असायचा म्हणून. तिला वाटलं, बाबा रागीट आहेत. तू बंद करू म्हणालीस ना, तेव्हा मी उगाच नाही नाही म्हणत होतो. आतून इतकं हलकं वाटलं होतं की काय सांगू."

जोमरे ताट हातात घेऊन तशीच उभी. "एवढी वर्षं, अहो! एकदा तरी बोलायचं."

"बोलून काय? मग फवारलं कुणी असतं? तूच टाकी उचलली असतीस."

ती त्याच्या शेजारी चिखलात बसली, तिनं त्याचा हात ओढून मांडीवर घेतला आणि मी वही मिटून ओढ्याकडे चालू लागले. मागून तिचा आवाज आला, "घरी चला. मुळ्याचं सूप करते. आज दोन वाट्या भात खायचा." मी ओढा ओलांडला तरी दोघांचं हसणं ऐकू येत होतं.

त्या वर्षी त्यांना एरवीच्या एकरी दहाच्या जागी आठ पोती उतरली. शेजाऱ्याला पाच. शेजारी चांगला माणूस, त्याचं फार वाईट वाटलं. हिवाळ्यात तोच हिरवळीचं बी मागायला आला. जोमरेनं त्याला बी दिलं आणि स्पष्ट सांगितलंही, "पहिली तीन वर्षं रडाल. गवत उपटायला मी येईन, पण शिव्या मला द्यायच्या नाहीत."

पेक साहेबांनी निवृत्त होताना जो अहवाल लिहिला, त्यात मोठे शब्द नव्हते. चांगल्या वर्षी पहिली पट्टी जास्त देते, असं त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं. वाईट वर्षी तिसरी पट्टी कमी गमावते, आणि तिच्या खालच्या ओढ्यात मासे आहेत, हेही लिहिलं. खाली आभारात एकच नाव होतं, क्वाक जोमरेचं.

आता सेमगोलमध्ये नऊ घरं तिच्या पद्धतीनं भात लावतात, बाकीची नाहीत. कुणी कुणाला बोल लावत नाही. ऑगस्टमध्ये, पूर्वी टाकी पाठीवर घ्यायचा त्या दिवसांत, गिलसू दुपारचं जेवून गावाच्या मंडपात आडवा होतो आणि घोरतो. त्याची झोपमोड करायची नाही, अशी जोमरेची सगळ्यांना ताकीद आहे.